पानाचा देठ आणि एरंडेलाची बाटली

माझ्या बायकोच्या पोटाची हकीकत लिहायला बसलोय. खरं बोलायचं तर हगण्याची. ज्याला किळस येईल त्यानं इथंच थांबावं. मी चौथी शिकलेला माणूस. सारी जिंदगी लातूरच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलली. गोड शब्दांत गुंडाळून सांगायला मला येत नाही. आणि याच गोष्टीला आम्ही सगळे लाजलो, म्हणून ती बाई दहा वर्षं गुन्हा नसताना गुन्हेगार होऊन जगली. आता ती नाही. यंदा थंडी पडायच्या आधी गेली. घरात बोलायला माणूस उरलं नाही, म्हणून या वहीत लिहितोय.

आमचं गाव कंधारकडचं. ती देगलूरच्या पलीकडची, तिच्या बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द यायचा आणि आमची वस्ती हसायची. लग्न झालं आणि वर्षभरात बाहत्तरचा दुष्काळ पडला. ती जेवायची कमी. मी म्हणायचो, खा की पोटभर. ती म्हणायची, भरलंय. मला वाटायचं, नवी नवरी हाय, लाजते.

तेव्हा संडास कुणाकडं होता? वस्तीतल्या बायका झुंजुरकं टमरेलं घेऊन ओढ्याकडं घोळक्यानं जायच्या. ही पण जायची. सगळ्यांबरोबर बसायची, सगळ्यांबरोबर उठायची, टमरेल रिकामं करून घरी यायची. अंधारात कोण कुणाचं बघतंय? आठ-आठ, दहा-दहा दिवस ही बाई नुसती बसून उठत होती, हे ना मला कळलं, ना माझ्या मायला. त्यात दुष्काळात सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी खाऊन अर्ध्या गावाचं पोट बांधलं होतं. कुणी कुंथलं तरी त्यात नवल नव्हतं.

तलावाच्या दुष्काळी कामावर आम्ही दोघं जात होतो. मी माती खोदायचो, ती खडी फोडायची. तीन-चार महिन्यांत तिचं पोट दिसायला लागलं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं. त्यात तिची पाळी थांबलेली. उपास आणि कष्टानं त्या वर्षी कितीतरी बायांची पाळी थांबली होती, हे मला दहा वर्षांनी एका डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा माझ्या मायनं सरळ बोटांवर महिने मोजले आणि हिशेब जुळवला.

आमच्याकडं सून पोटुशी राहिली की सासू तिला गुपचूप हिरवी चोळी देते. गावाला कळायच्या आधी द्यायची, म्हणून ती चोरचोळी. घरात दाणा नव्हता, पण मायनं कुठून तरी सुती कापड आणलं, हातानं चोळी शिवली आणि चुलीपाशी बसवून सुनेच्या अंगात घातली. मला बाहेर काढलं होतं, पण मी दारातून बघत होतो. माय हसत होती. त्या दुष्काळात मी तिला तेवढंच एकदा हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी मायनं मुकादमाच्या कानावर घातलं. मुकादम भला होता. माझ्यावरच ओरडला.

"पोटुशी बाई खडी फोडून राहिली अन् तू बघून राहिलास व्हय रे? लाज हाय का?"

पोटुशीला हलकं काम म्हणून पाणी वाटायला लावायचे. पण आमच्या हातचं पाणी तेव्हा कोण पिणार? मग तिला लिंबाखाली आमच्या वस्तीची लेकरं सांभाळायला बसवलं. ती झोळ्या हलवायची, सुकडी भरवायची. बाकीच्या बाया उन्हातनं तिच्याकडं बघत जायच्या. कुणी म्हणायची, "काय गं, जुळे हायत का?" ही पदर ओढून घ्यायची. रात्री मला म्हणायची, आत काहीतरी सरकतंय, हात लावून बघा. मी हात लावायचो. खरंच सरकायचं.

नववा महिना गेला. दहावा गेला. सोबतचा एक गडी मला म्हणाला, "हत्तीण हाय का रं तुझी बायको?" मी त्याला फावडं उगारलं. पाऊस पडला, लोक पेरणीला लागले, पोटात दोन घास जायला लागले आणि एक दिवस तिची पाळी आली. लेकरू नाही, काही नाही.

मायनं तिची पेटी उघडली. पेटीत लुगड्याच्या घडीखाली एरंडेलाची बाटली निघाली आणि फडक्यात बांधलेले विड्याच्या पानाचे देठ. काही ओले, काही वाळलेले. आमच्या घरात पान कुणी खात नव्हतं.

एरंडेल बाळंत होताना देतात, हे मायला ठाऊक. देठानं, काडीनं काय करतात, तेही ठाऊक. तिनं दोन्ही जोडलं आणि अंगणात आली.

"ह्यानंच पाडलंस ना गं? माझ्या नातवाला ह्यानं पाडलंस!"

"तसं न्हाई, माय."

"मग कसं? सांग. सगळी वस्ती उभी हाय, सांग."

मायनं बाटली दगडावर फोडली. सुनेला आत नेऊन चोळी काढून घेतली. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला एक शब्द बोलता आला असता. मी बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटलं होतं.

त्यानंतर गावात राहणं कठीण झालं. कामावरच्या बाया म्हणायच्या, खोटं पोट घेऊन सावलीत बसली. काही म्हणायच्या, खोटं नव्हतं, पाडलं. मी तिला घेऊन लातूरला आलो आणि मोंढ्यात हमालीला लागलो. माय गावातच थोरल्या भावाकडं राहिली. मी सणासुदीला एकटाच जाऊन यायचो. मायनं सुनेचं नाव घेतलं नाही आणि मी काढलं नाही.

बायकोला मी कधी मारलं नाही, टाकून बोललो नाही. लोक म्हणायचे, चांगला नवरा हाय. पण शक मनातून गेला नाही. दुसऱ्याचं लेकरू अंगणात रडलं की मी हिच्याकडं बघायचो, आणि मी बघतोय हे तिला कळायचं. ती उठून आत जायची.

तिचं पोट कधी कमी, कधी जास्त, पण फुगलेलंच राहिलं. मी दवाखाने केले. एकानं गॅस सांगितला, एकानं जंत. एकजण म्हणाला, टीबीचा गोळा असेल. एकानं वरूनच हात लावून मला म्हटलं, "पेढे द्या." त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. चूर्णं झाली, फक्की झाली, मांत्रिकसुद्धा झाला. पण तुला परसाकडं किती दिवसांनी होतं, असं नीट खोदून कुणी विचारलं नाही. कुणी नुसतं "साफ होतं का?" म्हटलं की ती मान हलवायची. मी शेजारीच उभा असायचो. माझ्यासमोर काय बोलणार?

मग लातूर जिल्हा झाला. चौकात गुलाल, फटाके. मोंढ्यात आम्हाला अर्धा दिवस सुट्टी. नवीन हापिसं उघडायला लागली, सायबांच्या गाड्या वाढल्या. आम्हा हमालांना त्याचं काय? पण सरकारी दवाखान्यात बाहेरगावचा एक तरुण सर्जन आला, एवढं मात्र आमच्या कामी पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं. हिरवं ओकायला लागली. वारा सरेना. मी तिला हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. मग मला बाहेर काढून, नर्सबाईला जवळ उभं करून खालून बोट घालून तपासलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"दादा, वर पोट गच्च भरलंय. आणि खाली, जिथं मळ येऊन थांबायला पाहिजे, तिथं काहीच नाही. रिकामं. साध्या मलावरोधात असं नसतं."

"म्हंजे काय, साहेब?"

"अजून सांगता येत नाही. हा त्रास कधीपासून?"

"आठ-नऊ वर्षांपासून असंल."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आत गेला. तिला विचारलं, "बाई, लहानपणापासून आहे का?" ती भिंतीकडं बघत राहिली. "मालूम न्हाई," म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी जरा उतार पडल्यावर त्यांनी खालून पांढरं औषध चढवून फोटो काढला. डॉक्टरनं तो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. शेवटाला बोटाएवढी बारीक नळी, तिच्यावर फुगत गेलेलं, आणि मग एकदम रांजण.

"मला एका आजाराची शंका आहे," तो म्हणाला. "जन्मजात असतो. तान्ह्या लेकरांत सापडतो. एवढ्या मोठ्या बाईत मी स्वतः बघितलेला नाही, म्हणून खात्री केल्याशिवाय कापाकापी करणार नाही. आतला एक छोटा तुकडा काढून अंबाजोगाईला तपासायला पाठवतो. तोवर तुम्ही एक काम करा. ही जन्मली तेव्हा पहिली शी कितव्या दिवशी झाली, ते शोधून आणा."

मी हसलोच. "साहेब, तीस वर्षांखालची शी कोण ध्यानात ठेवतं?"

"नीट लेकराची पहिल्याच दिवशी होते. त्याची कुणी आठवण ठेवत नाही. पण हिची झाली नसेल, तर कुणीतरी घाबरलं असेल. घाबरलेला माणूस विसरत नाही. हिची आई आहे का?"

आई जाऊन पाच वर्षं झाली होती. पण जिनं हिला बाळंत केलं ती सुईण जिवंत असल्याचं मी ऐकून होतो. नर्सबाईच्या भरवशावर तिला सोडून मी उदगीरची एसटी धरली, उदगीरहून देगलूर, तिथून पुढं चालत.

म्हातारी लिंबाच्या सावलीत शेंगा निवडत बसली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू. मी जयभीम घातला, कोण ते सांगितलं.

"अय्यो, जावई! बस तम्मा, बस. लेक बरी हाय?"

"बरी न्हाई, आजी. दवाखान्यात हाय. डॉक्टर विचारून राहिलाय, ही जल्मली तवा पहिल्यांदा कवा हगली?"

म्हातारीचे हात थांबले. आजूबाजूला कुणी नाही हे तिनं बघून घेतलं.

"तिनं सांगितलं तुला?"

"ती काहीच सांगत न्हाई."

"न्हाई सांगणार. तिच्या मायनं शपथ घातली होती." म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. "दुसरा दिस गेला तरी लेकरू काळं हगंना. तिसऱ्या दिशी पोट हे एवढं. दूध पाजलं की हिरवं ओकायचं. तुझी सासू रडून राहिली होती. मी पानाचा देठ घेतला, एरंडेलात बुडवला, अलगद आत सरकवला. अरं, असं फटकन् सुटलं की माझं लुगडं खराब झालं! पोट लगेच बसलं. पुन्हा चार दिसानं तेच. मग तुझी सासूच देठ लावायला शिकली. पानवाल्याकडं रोज जायची. लेक सात-आठ वर्षांची झाली तशी आपल्या हातानं करायची. लग्न ठरलं तवा मीच म्हणलं, पोरी, सासरी एक शब्द बोलू नको. हगता येत न्हाई अशी बायको कोण ठेवून घेईल? टाकून देतील. पेटीत बाटली मीच ठिवली तिच्या. ह्या हातानं."

मायनं दगडावर फोडलेली बाटली मला दिसत होती. एरंडेल मातीत मुरलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या, हेसुद्धा आठवलं. त्या दिवसानंतर ही बाई देठाला हात लावत नव्हती, पुन्हा सापडलं तर काय म्हणून. पोट दहा वर्षांत एवढं का वाढलं, ते मला त्या लिंबाखाली कळलं.

म्हातारीनं भाकरी दिली. माझ्यानं खाववली नाही, फडक्यात बांधून घेतली.

लातूरला आलो तेव्हा ती खाटेवर उशी लावून बसली होती. नाकातली नळी तशीच.

"तुझ्या गावाला जाऊन आलो."

"म्हातारी जिती हाय?"

"हाय. सगळं बोलली."

तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "तुझी माय मरून पाच वर्षं झाली."

"मेलं म्हणून शपथ सुटती का?"

"त्या दिवशी अंगणात एवढंच सांगितलं असतंस तर?"

"काय सांगायचं? तुमच्या मायनं लेकराचं नाव घेतलं. मी त्यापुढं हगण्याचं नाव घेऊ? कुणी ऐकलं असतं?"

"मी ऐकलं असतं."

"तुमी भिंतीला टेकून उभे होता," ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, "मला बी वाटलं होतं, लेकरूच हाय. आत सरकायचं ना. पाळी आली तवा माझं बी काहीतरी गेलंच की. मला कुणी रडू दिलं का?"

डॉक्टरला मी म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, लुगडं खराब झाल्यासकट. तो खुर्चीतून उठला. "फटकन् सुटलं म्हणाली? असंच म्हणाली?" त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी तुकड्याचा कागद आला. आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या गाठीच नव्हत्या. त्याच्यामुळं तेवढा भाग ढिला पडत नाही, मळ पुढं ढकलत नाही, आणि मागचं आतडं ढकलून ढकलून फुगतं.

मी म्हटलं, "साहेब, आमी गुळाच्या ढेपा उतरवताना रांग करतो. हातोहात ढेप पुढं जाती. म्हंजे रांगेतला शेवटचा गडी झोपलाय."

"झोपला असता तर उठवला असता," डॉक्टर म्हणाला. "तो जन्मापासून कामावर आलाच नाही. हिनं पानाच्या देठानं त्याचं काम वीस वर्षं केलं."

हे त्यानं तिच्यासमोर म्हटलं. ती पहिल्यांदा डॉक्टरकडं नीट बघून राहिली. तिची चूक नाही, असं तिला कुणीतरी तोंडावर सांगत होतं, तेही कोट घातलेला माणूस.

आधी फुगलेलं आतडं बसावं म्हणून पोटाच्या डाव्या बाजूला तोंड काढलं. तिथून मळ बाहेर यायचा. काही महिन्यांनी खालचा खराब तुकडा काढून चांगलं आतडं खाली जोडायचं, असं दोन टप्प्यांत काम. त्या तोंडावर बांधायला पिशव्या मिळत होत्या, पण नीट बसायच्या नाहीत, कातडी सोलायची. नर्सबाई म्हणाली, जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागेल, भरपूर आणा.

मी गावाला गेलो. मायला सगळं सांगितलं, म्हातारीचं, डॉक्टरचं. माय चुलीपुढं बसून होती. मधे एकदा म्हणाली, "तीस वर्षं?" बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर एसटीत बसली, मांडीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं.

दवाखान्यात तिनं गाठोडं सुनेच्या खाटेवर ठेवलं. सुनेनं सोडलं. धोतराचे तुकडे, लुगड्याचे पदर, आणि मधे ती हिरवी चोळी. रंग उडालेला, घडी जपून घातलेली. मायनं ती मुद्दाम आणली की चुकून आली, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बायकोनं चोळी हातात धरली. शिवण चाचपली. मग म्हणाली, "मऊ झालीय," आणि दातानं शिवण तोडून टर्रकन् फाडली. चार फडकी झाली.

माय तीन महिने आमच्या खोलीवर राहिली. फडकी ती धुवायची. मी म्हटलं, मी धुतो, तर म्हणायची, "तू पोती उचल." घाण भरलेली फडकी नळाखाली धरायची, साबण लावायची, उन्हात दोरीवर टाकायची. हिरवी चार फडकी एका रांगेत. सासू-सुना फार बोलत नव्हत्या. एकदा मी दारात आलो तर माय तिला विचारत होती, "पातळ हाय का आज?" आणि ती म्हणाली, "न्हाई माय, आज चांगली झाली." दोघी अशा बोलत होत्या जशा भाजीचं बोलतात.

दुसरं ऑपरेशन अंबाजोगाईला झालं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती आपल्या पायांनी संडासात गेली आणि बाहेर येऊन भिंत धरून रडली. घाबरून मी नर्सबाईला हाक मारली. बायकोच म्हणाली, "हाका काय मारून राहिले? झाली. नीट झाली. बिनदेठाची."

पुढं लेकरू झालं नाही. का नाही, ते आम्ही कुणाला विचारलं नाही. एकदा उघडे पडलो तेवढं पुरे झालं. पोट कधी कुरकुरायचं, पण पंचवीस-तीस वर्षं ती पोटभर जेवली. माय जायच्या आधी सुनेच्याच हातचं पाणी प्यायली.

बायको शेवटी दम्यानं गेली, पोटानं नाही. शेवटच्या आठवड्यात उताणं झोपवेना. मी खाटेशी बसलेलो. दुपारची वेळ होती. ती एकदम म्हणाली, "मायनं फडकी धुवून फेडलं. तुमी काय केलं?"

मी म्हटलं, "कशाचं?"

"कळलं न्हाई असं करू नका. तुमाला बी वाटलं होतं ना, मी पाडलं म्हणून?"

एवढी वर्षं मी मोंढ्यात कुणालाही तोंडावर बोलायचो. हिला एक गोष्ट बोललो नव्हतो.

"हाव," मी म्हटलं. "वाटलं होतं. देगलूरला जाईपतोर वाटत होतं. माझं चुकलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली, हसताना खोकला आला, मी पाठ चोळली.

"लई उशीर केला," ती म्हणाली. "आता कूस बदला माझी. भिंतीकडं न्हाई, तुमच्याकडं करा."

मी केली.